दणकट कॅमेरे : खोक्यावरील आकडे आणि प्रवासातील वास्तव

पावसाळा सुरू झाला की सह्याद्रीतील गडकिल्ल्यांच्या वाटा भटक्यांनी फुलून जातात. हिवाळ्यात हीच मंडळी मालवण, अंदमान किंवा लक्षद्वीपच्या किनाऱ्याकडे वळतात, तर उन्हाळ्यात हिमाचल आणि लडाखची वाट धरतात. या प्रवासांत पाऊस, खारे पाणी, वाळू, धूळ, गारठा आणि दगडावरची आपटी, म्हणजे कॅमेऱ्याला नकोशा असणाऱ्या साऱ्याच गोष्टींशी गाठ पडते. अशा परिस्थितीसाठी खास तयार केलेले, खिशात मावणारे 'दणकट कॉम्पॅक्ट' कॅमेरे गेली सुमारे दोन दशके बाजारात आहेत.

पाण्याखाली १५ मीटर, दोन मीटर उंचीवरून पडला तरी सुरक्षित, उणे १० अंश तापमानातही चालणारा, अशी त्यांची जाहिरात केली जाते. हे आकडे खोटे नसतात. मात्र ते काही अटींवर दिलेले असतात आणि त्या अटी माहितीपुस्तिकेच्या मागच्या पानांवर बारीक अक्षरांत छापलेल्या असतात. त्यामुळेच १५ मीटर खोलीसाठी घेतलेला कॅमेरा कंबरभर पाण्यात निकामी झाल्याचे प्रसंग घडतात. कॅमेऱ्याबरोबर त्या दिवसाची छायाचित्रेही धोक्यात येतात आणि आत पाणी शिरले असेल तर बहुतेक उत्पादक हमीकाळातही दुरुस्तीचा खर्च ग्राहकाकडेच सोपवतात. म्हणूनच हे आकडे नेमके काय सांगतात आणि काय सांगत नाहीत, हे प्रवासाला निघण्यापूर्वीच समजून घेणे आवश्यक आहे.

पाणबुड्यांचा कॅमेरा ते खिशातला कॅमेरा

पाण्यात वेगळ्या पेटीशिवाय वापरता येणाऱ्या कॅमेऱ्याची कल्पना नवी नाही. समुद्रसंशोधक जाक कूस्तो यांच्यासाठी बेल्जियमचे अभियंता ज्याँ द वूटर्स यांनी असा कॅमेरा तयार केला आणि कूस्तो यांच्या जहाजाच्या नावावरून 'कॅलिप्सो' या नावाने तो १९६०मध्ये विक्रीस आला. पुढे निकॉनने त्याचे हक्क घेऊन १९६३मध्ये 'निकोनॉस' बाजारात आणला. ही मालिका २००१पर्यंत चालली आणि पाणबुड्या छायाचित्रकारांच्या कित्येक पिढ्यांनी ती वापरली. मात्र तो जाणकारांचा कॅमेरा होता. फिल्मच्या ३६ चित्रांत काम भागवायचे, अंतर अंदाजाने ठरवायचे, हे सर्वसामान्य पर्यटकाच्या आवाक्यातले नव्हते.

डिजिटल युगात चित्र पालटले ते भिंगाच्या रचनेतील एका बदलामुळे. नेहमीच्या छोट्या कॅमेऱ्याचे भिंग सुरू करताच नळीसारखे बाहेर येते. ही सरकती नळी म्हणजे पाणी आणि धूळ आत जाण्याचा राजमार्गच होय. २००२मध्ये मिनोल्टाने 'डिमाज एक्स' या कॅमेऱ्यात लोलकाच्या साह्याने प्रकाश काटकोनात वळवला आणि झूमची सारी भिंगे कॅमेऱ्याच्या पोटात आडवी किंवा उभी बसवली. पाणबुडीच्या पेरिस्कोपसारखीच ही युक्ती. तो कॅमेरा जलरोधक नव्हता, पण बाहेर काहीच हलत नसेल तर संपूर्ण कवच बंद करता येते, हा धडा इतर उत्पादकांनी घेतला. २००६मध्ये ऑलिंपसने 'म्यू ७२० एसडब्ल्यू' आणला तेव्हा तो ३ मीटर पाण्यात आणि दीड मीटरवरून पडूनही टिकेल, असा दावा होता. त्यानंतरच्या काही वर्षांत कॅनन, पॅनासोनिक, पेंटॅक्स, निकॉन, फुजीफिल्म असे सारेच या स्पर्धेत उतरले. निकॉनच्या 'डब्ल्यू ३००'ने २०१७मध्ये ३० मीटरचा, तर पॅनासोनिकच्या 'एफटी ७'ने २०१८मध्ये ३१ मीटरचा आकडा गाठला.

या शर्यतीचा शेवट मोबाइल फोनने केला. २०१६पासून मोठ्या कंपन्यांचे जलरोधक फोन सर्रास मिळू लागले आणि वेगळा कॅमेरा घेणाऱ्यांची संख्या रोडावली. निकॉन डब्ल्यू ३००, पॅनासोनिक एफटी ७ आणि २०१९चा फुजीफिल्म एक्सपी १४० या तिघांनाही वारसदार मिळाला नाही. ऑलिंपसचा कॅमेरा व्यवसाय १ जानेवारी २०२१ रोजी ओएम डिजिटल सोल्युशन्स या कंपनीकडे गेला. त्या कंपनीने २०२३मध्ये 'टीजी ७' आणून ही परंपरा पुढे चालवली. रिकोची डब्ल्यूजी मालिकाही पेंटॅक्सच्या जुन्या वारशातूनच आलेली आहे.

आकड्यांचा अर्थ

खोक्यावर 'आयपी' ही अक्षरे आणि त्यापुढे दोन अंक छापलेले असतात. आंतरराष्ट्रीय विद्युततांत्रिक आयोगाच्या ६०५२९ क्रमांकाच्या मानकातील ही खूण आहे. पहिला अंक धुळीपासून संरक्षणाचा, दुसरा पाण्यापासूनचा. जिथे एखाद्या अंकाची चाचणी नोंदवलेली नसते, तिथे 'एक्स' लिहितात. धुळीचा सर्वोच्च अंक ६ होय. बंद कोठीत टाल्कची अतिसूक्ष्म भुकटी कित्येक तास घोळवत ठेवल्यानंतरही आत कण जाता कामा नये, असा त्याचा अर्थ. कच्छच्या रणात किंवा राजस्थानच्या वाळवंटात हा अंक महत्त्वाचा ठरतो. ज्याच्या खुणेत पहिल्या अंकाच्या जागी 'एक्स' आहे, तो कॅमेरा धुळीत टिकेल असे गृहीत धरू नये.

पाण्याच्या अंकात खरी मेख आहे. ७ या अंकासाठी वस्तू एक मीटर पाण्यात अर्धा तास बुडवून ठेवतात. ८ म्हणजे त्याहून कठीण चाचणी, पण किती खोल आणि किती वेळ हे उत्पादक स्वतः ठरवून जाहीर करतो. त्यामुळे दोन कॅमेऱ्यांवर ८ हाच अंक असला तरी एक दोन मीटरचा आणि दुसरा पंधरा मीटरचा असू शकतो. शिवाय ही चाचणी गोड्या, स्थिर पाण्यात आणि नव्या वस्तूवर होते. उंच खडकावरून कॅमेऱ्यासह पाण्यात उडी मारली, लाटेचा तडाखा बसला किंवा बोटीच्या कडेला धरून कॅमेरा वेगाने पाण्यातून ओढला गेला, तर क्षणभर पडणारा दाब स्थिर पाण्यातल्या त्याच खोलीच्या दाबापेक्षा बराच जास्त असू शकतो.

याहून अनपेक्षित अशी एक गोष्ट या मानकात आहे. पाण्याच्या जोरदार झोताची चाचणी ५ आणि ६ या अंकांत मोडते. सहाव्या पातळीसाठी साडेबारा मिलिमीटर व्यासाच्या नळीतून मिनिटाला १०० लिटर पाणी मारतात. बुडवण्याच्या ७ किंवा ८ या चाचण्या उत्तीर्ण झालेली वस्तू झोतालाही टिकेल, असे मानक गृहीत धरत नाही. म्हणूनच पंधरा मीटर खोल जाऊ शकणारा कॅमेरा मोटार धुण्याच्या पंपाने किंवा पूर्ण सोडलेल्या नळाखाली धुणे योग्य नाही. धबधब्याच्या थेट धारेखाली तो धरणेही याच कारणाने धोक्याचे आहे.

पडण्याच्या चाचणीबाबतही असेच आहे. 'मिल-एसटीडी ८१०' हे अमेरिकी लष्कराचे चाचणीपद्धतींचे संकलन आहे, प्रमाणपत्र नव्हे. उत्पादक त्यातील एखादी पद्धत आधाराला घेऊन, जाड प्लायवूडवर कॅमेरा टाकून पाहतात. बेसॉल्टचा कातळ म्हणजे प्लायवूड नव्हे. तो काच फोडेल, कोपरा चेपेल. पण त्याहून महत्त्वाचे म्हणजे पडल्यानंतर कॅमेरा सुरू राहिला याचा अर्थ तो जलरोधक राहिला असा होत नाही. दाराची चौकट केसभर वाकली तरी पुरते. रायगडाच्या पायऱ्यांवर जोरात आपटलेला कॅमेरा पुढच्या आठवड्यात समुद्रात नेण्यापूर्वी सेवाकेंद्रात तपासून घेणे शहाणपणाचे ठरते.

सारी भिस्त एका रबरावर

दणकट कॅमेऱ्याचे धातूचे कवच, जाड काच, घट्ट खटके हे सारे डोळ्यांना दिसते. प्रत्यक्षात पाणी अडवण्याचे काम करते ते बॅटरी आणि कार्डाच्या दाराभोवती बसवलेले रबराचे किंवा सिलिकॉनचे बारीक सील. दार मिटल्यावर हे सील दाबले जाते आणि फट बुजते. दहा मीटर खोलीवर पृष्ठभागाच्या तुलनेत साधारण एका वातावरणाइतका जादा दाब येतो. निरोगी सील असला दाब सहज सोसते, उलट दाबाने ते अधिकच घट्ट बसते. पण त्याच्यावर वाळूचा एक कण, कापसाचा एक धागा किंवा डोक्याचा एक केस आडवा आला, तर तेवढ्या जागेत सील टेकत नाही. पाण्याला तेवढी वाट पुरते. कॅमेरे बुडण्याचे सर्वांत सामान्य कारण हेच असून त्यात कॅमेऱ्याचा दोष क्वचितच असतो.

म्हणून समुद्रकिनाऱ्यावर दार उघडायचे नाही, हा पहिला नियम. बॅटरी पूर्ण भरलेली आणि कार्ड रिकामे, अशा स्थितीत सकाळी मुक्कामाच्या खोलीतच दार बंद करावे. बंद करण्यापूर्वी सील उजेडात धरून पाहावे, कोरड्या आणि धागे न सुटणाऱ्या कापडाने ते पुसावे, ज्या कडेवर सील टेकते ती कडही पुसावी. कागदी रुमाल वापरू नये, त्याचे तंतू मागे राहतात. दार मिटल्यावर खटका पूर्ण बसला का, आणि दुहेरी कुलूप असल्यास दुसरेही लागले का, हे बोटाने चाचपून पाहावे. या साऱ्याला दोन मिनिटेही लागत नाहीत. प्रवासात बॅटरी बदलावीच लागली, तर हात धुऊन पूर्ण कोरडे करावेत, कॅमेरा बाहेरून पुसावा आणि दार खालच्या बाजूला राहील असा धरून उघडावा, म्हणजे खाचेतले पाणी आत न जाता खाली गळते.

अलीकडच्या नमुन्यांत यूएसबीवरून चार्जिंग होते. ही सोय चांगली असली तरी तार जोडण्यासाठी दार उघडे ठेवावे लागते आणि तेवढ्या काळात कॅमेरा कोणत्याही साध्या कॅमेऱ्याइतकाच नाजूक असतो. पावसात पाठपिशवीत पॉवर बँकेला जोडून ठेवलेला 'जलरोधक' कॅमेरा जलरोधक नसतो.

समुद्रातून आल्यावर कॅमेरा दार न उघडता गोड्या पाण्याच्या बादलीत दहा-पंधरा मिनिटे बुडवून ठेवावा आणि पाण्यातच सगळी बटणे काही वेळा दाबावीत. बटणांच्या फटीत अडकलेले खारे पाणी सुकले की मिठाचे स्फटिक बनतात. तेच पुढे सिलांना झिजवतात, बटणे अडकवतात. साबण किंवा गरम पाणी वापरू नये. गरम पाण्याच्या कुंडात कॅमेरा नेणेही टाळावे, कारण जलरोधकतेचे दावे साध्या तापमानाच्या पाण्यासाठी असतात. वज्रेश्वरी किंवा मणिकरण येथे जाणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे.

रबर काळाबरोबर कडक होते आणि त्याला बारीक भेगा पडतात. कॅमेरा कपाटात पडून असला तरी हे होतच राहते. पाण्याखाली नियमित वापर असल्यास सील दरवर्षी बदलून घ्यावीत, अशी शिफारस उत्पादक करतात. प्रत्यक्षात ती फारच थोडे लोक पाळतात. जुना दणकट कॅमेरा विकत घेताना म्हणूनच विशेष सावध असावे. त्याचे छायाचित्रणाचे गुण शाबूत असतील, पण पाच-सात वर्षांचे सील किती टिकेल हे विकणाराही सांगू शकत नाही. उत्पादन बंद झालेल्या नमुन्याची सील मिळतील का, हे आधी विचारावे. मिळणार नसतील तर तो पावसापुरता वापरावा, समुद्रात नेऊ नये.

आतले धुके

सील उत्तम असूनही काचेच्या आतल्या बाजूला धुके साचल्याची तक्रार अनेकदा ऐकू येते आणि लोक ती गळती समजतात. बहुतेक वेळा ती गळती नसते. कोकणातल्या दमट हवेत दार उघडून बंद केले की तीच ओलसर हवा आत कोंडली जाते. उन्हात तापलेला कॅमेरा थंड पाण्यात शिरताच पुढची काच प्रथम गार होते आणि आतल्या बाष्पाचे दव तिच्यावर जमते. छायाचित्रे दुधाळ दिसतात. यावर उपाय सोपा आहे. दार शक्यतो वातानुकूलित, कोरड्या खोलीत बंद करावे, कॅमेरा उन्हात तापू देऊ नये. ऑलिंपसने २०१७च्या 'टीजी ५'मध्ये पुढे दुहेरी काच बसवली ती याच अडचणीवर तोडगा म्हणून.

प्रवासाहून परतल्यावर मात्र कॅमेरा पूर्ण सुकवून दार थोडा वेळ उघडे ठेवावे आणि सिलिका जेलच्या पुड्यांसह हवाबंद डब्यात ठेवावा. आपल्याकडील पावसाळ्यात भिंगावर बुरशी धरते, हा अनुभव जुन्या कॅमेऱ्यांच्या मालकांना नवा नाही. दणकट कॅमेराही त्याला अपवाद नाही.

थंडी आणि उंची

उणे १० अंशांची मर्यादा हिमाचलच्या उन्हाळी पदभ्रमणासाठी पुरेशी आहे. लेहमध्ये जानेवारीच्या रात्री पारा त्याखाली जातो. अशा वेळी कॅमेऱ्याआधी बॅटरी हार मानते. थंडीत लिथियम बॅटरीतील रासायनिक क्रिया मंदावते आणि अर्धी भरलेली बॅटरीही रिकामी असल्याचे दाखवते. ती अंगाजवळच्या खिशात ठेवून ऊब दिली की बरीचशी ताकद परत येते. त्यामुळे दोन बॅटऱ्या आलटून पालटून वापराव्यात. विमानप्रवासात सुट्या लिथियम बॅटऱ्या सामानात न देता हातातल्या पिशवीतच न्याव्या लागतात, हेही विसरू नये.

खारदुंगला येथे सुमारे ५,३५० मीटर उंचीवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या जवळपास निम्मा असतो. तेथे दार बंद केलेला हवाबंद कॅमेरा मैदानात आणला की बाहेरची हवा दार आत दाबते आणि ते उघडायला जड जाते. अशा वेळी चाकू किंवा नाण्याने दार उचकटू नये, सील फाटते. थंडीतून उबदार खोलीत येताना कॅमेरा प्लास्टिकच्या पिशवीत बंद करून ठेवावा आणि खोलीच्या तापमानाला आल्यावरच बाहेर काढावा, म्हणजे दव पिशवीवर जमते, कॅमेऱ्यावर नाही.

छायाचित्राच्या दर्जाचे काय

येथे स्पष्ट बोलणे योग्य ठरेल. दणकट कॅमेरा छायाचित्राच्या दर्जात तडजोड करूनच दणकट होतो. बहुतेकांत प्रकाशसंवेदक साधारण ६.२ बाय ४.६ मिलिमीटरचा असतो. पूर्ण चौकटीच्या व्यावसायिक कॅमेऱ्याचा संवेदक ३६ बाय २४ मिलिमीटरचा, म्हणजे क्षेत्रफळाने सुमारे तीसपट मोठा. कमी प्रकाशात छोट्या संवेदकावरील चित्र रवाळ होते. गडावरच्या संध्याकाळी, गर्द जंगलात किंवा लेण्यांच्या अंधारात हा फरक उघड दिसतो. अशा ठिकाणी टेकू घेऊन शटरचा वेळ वाढवावा आणि संवेदनशीलता शक्यतो ८००च्या वर नेऊ नये. आपल्या कॅमेऱ्यात कच्च्या स्वरूपात, म्हणजे 'रॉ' पद्धतीने चित्र साठवण्याची सोय असेल तर ती वापरावी.

पिक्सेलच्या संख्येला भुलू नये, हे सांगण्यासाठी एक उदाहरण पुरे. २०१५च्या 'टीजी ४'मध्ये १६ दशलक्ष पिक्सेल होते, तर २०१७च्या 'टीजी ५'मध्ये ऑलिंपसने ते मुद्दाम १२ दशलक्षांवर आणले. 'टीजी ७'मध्येही तेवढेच आहेत. इवल्याशा संवेदकावर पिक्सेलची दाटी कमी केली की प्रत्येकाला अधिक प्रकाश मिळतो. विक्रेत्याला समजावणे कठीण, पण निर्णय योग्यच होता.

दणकट कॅमेरे जिथे खरोखर बाजी मारतात ते क्षेत्र अगदी जवळच्या छायाचित्रणाचे. छोटा संवेदक आणि छोट्या नाभीय अंतराचे भिंग यांमुळे फुलातील केसरापासून कीटकाच्या डोळ्यापर्यंतचा भाग एकाच वेळी रेखीव येतो. टीजी मालिकेतील कॅमेरे भिंगापासून एक सेंटिमीटरवरील वस्तूही टिपतात, रिकोच्या काही नमुन्यांत भिंगाभोवती सहा एलईडी दिवे असतात. सातारा जिल्ह्यातील कास पठारावर ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये फुलणारी 'सीतेची आसवे' किंवा चिकट थेंबांनी कीटक पकडणारी 'दवबिंदू' ही वनस्पती टिपायला पावसात असा कॅमेरा मोठ्या, महागड्या सामग्रीपेक्षा सोयीचा पडतो. अर्थात पठारावर आखलेली वाट सोडून फुले तुडवत जाण्याचा परवाना त्यामुळे मिळत नाही.

पावसातील एक अडचण मात्र कोणत्याही आकड्याने सुटत नाही. पुढच्या काचेवर थेंब बसला की चित्रात डाग येतो. कॅमेरा सतत काच खाली करून धरावा, घेण्याच्या क्षणीच वर करावा. काच पुसण्यापूर्वी ती पाण्याने धुवावी, कारण चिकटलेल्या वाळूवर कापड फिरवणे म्हणजे काचेवर ओरखडे ओढणे होय.

पाण्याखाली छायाचित्रणाचे नियमच बदलतात. सपाट काचेतून पाहताना वस्तू सुमारे एक चतुर्थांश जवळ आणि एक तृतीयांश मोठ्या दिसतात, त्यामुळे रुंद दृश्य अरुंद होते. पाणी लाल रंग सर्वांत आधी शोषते. सुमारे पाच मीटर खोलीवर लाल प्रवाळही करडे-निळे दिसू लागते. पाण्याखालच्या रंगसंतुलनाची सोय काही अंशी ही उणीव भरून काढते. खरा उपाय म्हणजे जवळ जाणे. कॅमेरा आणि मासा यांच्यामध्ये जितके कमी पाणी, तितके चित्र स्वच्छ. दूरच्या दृश्यावर फ्लॅश मारल्यास पाण्यात तरंगणारे कणच उजळतात आणि चित्रात हिमवर्षाव झाल्यासारखे दिसते.

मग फोन का नाही

भर दिवसा, कोरड्या जागी महागडा फोन आज बहुतेक दणकट कॅमेऱ्यांपेक्षा सरस चित्र देतो, हे मान्य करायला हवे. ज्याची भटकंती वर्षातून एखाद्या सहलीपुरती आहे, त्याने वेगळा कॅमेरा घेण्याची गरज नाही, असे आमचे मत आहे. पण ओल्या बोटांना स्पर्शपडदा दाद देत नाही आणि पाण्याखाली तर तो निरुपयोगीच ठरतो. कॅमेऱ्याची बटणे हातमोज्यांतूनही दाबता येतात. दुसरा मुद्दा सुरक्षिततेचा. डोंगरात फोन हे नकाशाचे आणि मदत मागण्याचे साधन असते. छायाचित्रांत त्याची बॅटरी संपवणे किंवा तो धबधब्यात गमावणे याची किंमत कॅमेरा गमावण्यापेक्षा कितीतरी जास्त असू शकते.

सुरक्षिततेचा विषय निघालाच आहे, तर कॅमेरा दणकट असला तरी तो धरणारा तसा नसतो, याची आठवण करून द्यायला हवी. ओढ्याच्या मधोमध उभे राहून, शेवाळलेल्या कड्यावर झुकून छायाचित्र घेण्याचा मोह जलरोधक कॅमेऱ्याने वाढतो. पाण्याची पातळी घाटमाथ्यावरील पावसाने अचानक चढते आणि ते ठिकाण कोरडे असले तरी कळत नाही.

हे बहुतेक कॅमेरे पाण्यात बुडतात, तरंगत नाहीत. भडक रंगाचा तरंगता मनगटपट्टा काही शे रुपयांत मिळतो आणि तो कॅमेऱ्याचे वजन पेलतो का, हे बादलीत पाहून घेता येते. मालवणचे सागरी अभयारण्य १९८७मध्ये घोषित झाले असून देशातील प्रवाळांना वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ अन्वये संरक्षण आहे. छायाचित्रासाठी प्रवाळावर उभे राहणे, त्याचा तुकडा तोडणे किंवा जिवंत शिंपले हलवणे टाळावे.

पाणी शिरलेच तर

पडद्यावर धुके दिसले, बटणे आपोआप चालू लागली किंवा दाराच्या फटीतून बुडबुडे आले, तर ताबडतोब पाण्याबाहेर येऊन कॅमेरा बंद करावा. बाहेरून पुसून बॅटरी आणि कार्ड काढावे. बॅटरी ओली झाली असल्यास ती पुन्हा वापरू नये आणि चार्ज तर मुळीच करू नये. खारे पाणी विद्युतमंडळावर तासाभरातच गंज चढवू लागते. तांदळाच्या डब्यात कॅमेरा पुरून ठेवण्याचा सल्ला सर्वत्र दिला जातो, परंतु तांदूळ मीठ शोषत नाही आणि त्याची भुकटी मात्र फटीत जाते. कॅमेरा चालू करून पाहण्याचा मोह आवरून तो लवकरात लवकर सेवाकेंद्रात द्यावा. कार्ड मात्र बहुतेक वेळा वाचते. ते गोड्या पाण्याने हलके धुऊन, सावलीत पूर्ण सुकवून संगणकावर तपासावे.

हे टाळण्यासाठी निघण्याच्या दोन दिवस आधी घरीच एक साधी परीक्षा घेता येते. बॅटरी आणि कार्ड काढून, आत कोरड्या टिपकागदाचा तुकडा ठेवून दार बंद करावे. कागद सिलाच्या वाटेत येणार नाही, एवढे पाहावे. कॅमेरा बादलीभर पाण्यात अर्धा तास बुडवावा, बाहेर काढून पूर्ण पुसावा आणि मग दार उघडावे. टिपकागद ओला झाला असेल तर सेवाकेंद्र गाठायला अजून एक दिवस हाताशी असतो. कोरडा असला, तर तो काढून घ्यावा, सील पुन्हा एकदा पुसावे आणि बॅटरी व कार्ड बसवून बाहेर पडावे.